ट्रंकेतली पत्रे वाचणार कोण?

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की डोळ्यांसमोर येतात त्या दुकानांवरच्या पाट्या, बसचे फलक, १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा. हे सारे महत्त्वाचे आहेच. त्यावर या पानावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. पण भाषेचा एक दस्तऐवज असा आहे की ज्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही आणि कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही. तो आपल्याच घरात, माळ्यावरच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या उताऱ्यांच्या आणि पेन्शनच्या कागदांच्या खाली पडून आहे. तो म्हणजे लढाईवर गेलेल्या माणसाने घरी पाठविलेले पत्र.

आपला मुलूख पलटणीचा मुलूख आहे. १९२२ च्या फेररचनेनंतर मराठा पलटणींचे केंद्र बेळगावला आले आणि तेव्हापासून सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातला रंगरूट बेळगावच्या मैदानावर घाम गाळूनच शिपाई झाला आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी तालुक्यांत आणि सीमेपलीकडच्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागात भावकीत कुणीही लष्करात नाही असे घर शोधावे लागते. आजोबा 'लामावर' गेले होते, हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही असे जुने घर विरळाच. मेसोपोटेमिया, केरेन, इटली, ब्रह्मदेश, मग १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९. दर वेळी इकडून माणूस गेला आणि तिकडून पत्र आले. ती पत्रे गेली कुठे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'त्यात काय आहे?'

पहिली अडचण आपल्याच मनात आहे. अशी पत्रे कुणी ट्रंकेतून काढलीच तर घरातला कर्ता माणूस म्हणतो, 'त्यात काय आहे? इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवीत जावे, एवढेच. लढाईचे एक अक्षर नाही.' त्याचे म्हणणे वरवर खरे आहे. पत्राच्या डोक्यावर 'श्री' असतो. मग तीर्थरूपांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मग 'पत्रास कारण की'. आणि ते कारण म्हणजे काय, तर मनिऑर्डर पोचली किंवा नाही, म्हैस व्याली काय, रेडकू जगले काय, भाताची लावणी उरकली काय, मिरगाच्या आधी घराची कौले परतून घेतली काय. सावकाराला पैसे दिले तर पावती घ्यावी. बांध कोरणाऱ्या भाऊबंदाशी मी येईपर्यंत कुणी भांडू नये. बहिणीचे ठरवताना घाई करू नये. धाकट्याला शाळेतून काढू नये. शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि 'कळावे'.

यात काही नाही असे ज्याला वाटते त्याने हे पत्र नीट वाचलेले नाही. हजारो कोसांवर, खंदकात किंवा तंबूत बसलेला हा माणूस आपले घर चालवतो आहे. त्याला घरी येता येत नाही, बैल विकत घेता येत नाही, पोराचा कान धरता येत नाही. त्याच्या हातात उरली आहे ती फक्त भाषा. तिच्याच बळावर तो कर्ज फेडतो, भांडण थोपवतो, लग्न लांबवतो, पोराला शाळेत ठेवतो. भाषा म्हणजे अस्मिता वगैरे आपण सभांतून म्हणतो ते ठीक आहे, पण ज्या भाषेत घर चालते ती भाषा जिवंत, ही साधी कसोटी या पत्रांइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

त्यातले व्याकरणच पाहा. मुलगा बापाला हुकूम देऊ शकत नाही. पण कमावता तोच, काळजी त्याला, आणि निर्णयही पुष्कळदा त्याचाच. ही कोंडी मराठीने 'द्यावे', 'घ्यावे', 'करू नये' या रूपांनी सोडविली आहे. 'बाबांनी बाजारी एकटे जाऊ नये' या वाक्यात आज्ञा आहे, विनंती आहे आणि माया आहे, पण उद्धटपणाचा लवलेश नाही. त्याच पत्रात धाकट्या भावासाठी मात्र थेट 'जाऊ नकोस', 'लक्ष दे'. एकाच कागदावर माणूस कुणाशी कसा बोलतो हे पाहायचे असेल तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा हे पत्र उघडावे.

आणि बायकोचे काय? जुन्या पत्रांत तिला उद्देशून बहुधा एक ओळही नसते. पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने येणार. ते वाचणार गावचा मास्तर, नाहीतर कुलकर्णी, नाहीतर पोस्टमन. ऐकायला सोप्यावर भावकी जमलेली. अशा पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? तो लिहितो, 'मुलाच्या आईस सांगावे की पायाचे दुखणे अंगावर काढू नये.' एवढेच. दाराआड उभ्या असलेल्या त्या बाईला त्या एका वाक्यात जे मिळायचे ते मिळत असे. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, १९६५ आणि १९७१ च्या सुमारास आलेल्या पत्रांत 'सौ.' ला वेगळे पाकीट येऊ लागले, आणि तिने ते स्वतः वाचून स्वतः उत्तर लिहिले. बाई लिहायला वाचायला शिकली याची कारणे अनेक आहेत. पण नवऱ्याचे पत्र परक्याच्या तोंडून ऐकावे लागू नये ही त्यातली एक ओढ होती, हे आपल्या घरांतल्या वृद्ध स्त्रिया आजही सांगतील.

लढाई लिहायची नव्हती म्हणून

पत्रात लढाई का नाही, याचेही उत्तर आहे. लिहिण्याची मुभाच नव्हती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठविली गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या टपालावर वेगळी नजर ठेवण्यासाठी सेन्सॉरचे कार्यालय उघडण्यात आले. कॅप्टन ई. बी. हॉवेल हा त्याचा प्रमुख होता. सैनिक घरी काय लिहितात आणि घरून त्यांना काय येते, त्यातली निवडक पत्रे वाचून, इंग्रजीत भाषांतर करून तो वरिष्ठांना अहवाल पाठवीत असे. जागेचे नाव, पलटणीची हालचाल, मेलेल्यांची संख्या, साहेबाविषयीची नाराजी यांतले काही लिहिले तर पत्र अडविले जाई. हे सैनिकांना लवकरच कळले.

मग त्यांनी काय केले? घरातल्याच गोष्टींच्या आडून बोलायला सुरुवात केली. काही पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची आली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा शिपाई. कुणाची मिरी संपत आली, कुणाची अजून शिल्लक आहे, असा हिशेब घरी कळविला जाई. सेन्सॉरच्या लोकांनी ही मिरी ओळखली, ही गोष्ट वेगळी. माणसे पत्रांतून कविता लिहू लागली आहेत याचीही हॉवेलने नोंद केली आणि ती त्याला काळजीची खूण वाटली. म्हणजे मन ताळ्यावर नाही हे त्या परक्या अधिकाऱ्यालासुद्धा घरगुती पत्रांतून कळत होते. आणि आपण मात्र म्हणतो, त्यात काय आहे!

मुद्दा असा की बाकी सारे लिहिण्याची बंदी झाली तेव्हा घर आणि संसार एवढाच विषय मोकळा उरला आणि सैनिकाने आपले सगळे त्यात ओतले. 'पाऊस कसा आहे' असे वाळवंटातून विचारणाऱ्या माणसाला केवळ पावसाची चौकशी करायची नसते. 'थोरल्या बैलाला विकू नये' या वाक्यात मी परत येणार आहे, हे त्याने घातलेले असते. 'मी आलो नाही तर' असे त्याला लिहिता येत नाही. म्हणून तो लिहितो, 'जमीन दोघा भावांच्या नावे राहील असे पाहावे.' अशी वाक्ये घरगुती म्हणून बाजूला टाकणे म्हणजे तांदूळ फेकून कोंडा ठेवण्यासारखे आहे.

भाषांतर लंडनला, मूळ गावाला

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेन्सॉरचे ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली शेकडो पत्रे निवडून १९९९ साली त्यांचे पुस्तक केले आणि जगभरच्या अभ्यासकांनी ते वाचले. पण त्यात आहे ते इंग्रजी भाषांतर. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा भाषांतून लिहिलेली मूळ पत्रे जी पुढे पाठविली गेली ती ज्याची त्याच्या घरी गेली. म्हणजे लंडनमध्ये उरला तो सेन्सॉरने उतरवून घेतलेला अर्थ. सैनिकाचा स्वतःचा शब्द उरला असेल तर तो कुठल्या तरी खेड्यातल्या ट्रंकेतच उरला असणार. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'गंगाभागीरथी' यांचे इंग्रजीत काय होते ते सांगायला नको. सगळ्यांचे 'डिअर' होऊन जाते.

शिवाय त्या अहवालांत मराठी आवाज आधीच तुरळक आहे. कारण फ्रान्समधल्या फौजेत पंजाब आणि वायव्येकडचा भरणा मोठा होता. मराठा पलटणी लढल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. उपासमारीत घोड्याचे मांस खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी धर्माच्या आणि घरच्या भीतीने ते कित्येक आठवडे नाकारले. गावी कळले तर भावकी पंक्तीला घेईल काय, ही धास्ती त्यांना तोफगोळ्यांइतकीच खरी होती. पुढे कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले पुष्कळ मेले. त्यांच्या घरी महिनोन्महिने पत्र नव्हते. ज्या घरात शेवटचे पत्र वेढ्याच्या आधीचे, त्या घरात ते पत्र देवाऱ्यात ठेवले गेले असेल तर त्यात नवल नाही.

बसरा येथे या मोहिमेत मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. त्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायाचे नाव मात्र नाही. त्याच्या पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे. सर्व मृतांना समान मान मिळाला नाही, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने कबूल केले आणि आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, कबुली आली हे चांगलेच. पण आपल्यापुरता अर्थ असा की सरकारने ज्याचा आकडा केला, त्या माणसाचे नाव, गाव, बाप, भाऊ, बैल आणि बांध हे सगळे ज्या एका कागदावर शिल्लक आहे तो कागद म्हणजे त्याचे पत्र. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आपल्याकडच्या प्रत्येक गावाला असा स्तंभ मिळाला नाही. ट्रंक मात्र घरोघरी आहे.

वाचता येत नाही, त्याची तीन कारणे

मग ही पत्रे कुणी वाचत का नाही? याची तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण मोडी. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने भराभर लिहायची मराठी लिपी म्हणजे मोडी. बालबोध छापील पुस्तकांची. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच पणजोबांपुढे निरक्षर झालो. घरात मोडी कागद निघाला की तो जमिनीचा असावा या आशेने कुणाला तरी दाखविला जातो, आणि 'जमिनीचा नाही, नुसते पत्र आहे' असे कळले की परत गुंडाळला जातो किंवा रद्दीत जातो. ही लिपी मेलेली नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग यांच्यामुळे मोडी वाचणारी माणसे आजही तयार होतात. २०१४ पासून संगणकाच्या युनिकोड प्रणालीतही मोडीला स्थान मिळाले आहे. उणीव आहे ती आपल्या तालुक्यात बसून वाचणाऱ्याची.

दुसरे कारण राज्यपुनर्रचनेचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा परिणाम घरातल्या कागदांवर कसा झाला ते सैनिकाच्या ट्रंकेत स्पष्ट दिसते. आजोबांचे पत्र मराठी. त्या पत्रात ज्या जमिनीची चौकशी आहे तिची आजची पहाणी कानडी. सैनिक लढाईवर असताना त्याच्या माघारी त्याच्यावरचा दावा चालू नये म्हणून १९२५ साली 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट' नावाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, इतकी जमिनीची काळजी सैनिकाच्या मनात असते. तो सीमेवरून विचारतो, उतारा कुणाच्या नावे झाला? आणि घरच्या म्हाताऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते, म्हणजे जुन्या काळी मास्तराकडे पत्र घेऊन जावे लागे तीच गत. जिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासूनचे केंद्राचे ठरलेले धोरण आहे. ते पाळा, एवढे मागणे यात कानडीचा द्वेष कुठे आला? ज्या कानडी घरातला मुलगा लढाईवर गेला त्याच्या घरी कानडीत लिहिलेले असेच पत्र आहे, आणि त्यात अशीच म्हैस आणि असाच बांध आहे. अण्णा आणि अक्का हे शब्द तर आपण त्यांच्याकडूनच घेतले आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत बसविले. त्या घरानेही ते पत्र जपावे. पत्राच्या बाबतीत ही दोन घरे शेजारी आहेत.

तिसरे कारण मात्र कुणा सरकारचे नाही. ते आपले आहे. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. त्या कलमाचा उल्लेख आपण प्रत्येक निवेदनात करतो आणि निवेदन देऊन घरी आलो की मुलाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतो. इंग्रजी शिकू नये असे कुणी म्हणणार नाही. लष्करातसुद्धा आज बढती हवी तर इंग्रजी, हिंदी लागते. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास मराठी वाचायला बसविणे कोणत्या सरकारने अडविले आहे? आजोबांचे १९७१ चे पत्र मोडीत नाही, स्वच्छ बालबोधीत आहे. नातवाला घरात मराठी बोलता येते. तरीही ते पत्र त्याला अडखळत, अक्षरावर बोट ठेवून वाचावे लागते आणि तिसऱ्या ओळीला तो कंटाळतो. इथे मोडीची सबब चालत नाही आणि कर्नाटक सरकारचीही चालत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. पण अभिजात म्हणजे केवळ गाथासप्तशती आणि ज्ञानेश्वरी नव्हे. ज्या साध्या शेतकऱ्याच्या पोराने परमुलखात, कंदिलाच्या उजेडात, गुडघ्यावर कागद ठेवून ही भाषा वापरली, त्याचाही त्या दर्जात वाटा आहे. त्याच्या पत्रात पलटणीतली उर्दू आहे, इंग्रजीचे मोडतोड केलेले शब्द आहेत, कोल्हापुरी ढंग आहे, घाटाखालची कोकणी लकब आहे. कोशकारांनी न टिपलेले किती शब्द तिथे सापडतील ते ट्रंका उघडल्याशिवाय कळणार नाही.

आता फोन आहे

कुणी म्हणेल, हे सारे इतिहासाचे झाले. आज सैनिकाच्या हातात मोबाईल आहे, आई त्याचे तोंड पडद्यावर पाहते. खरे आहे, आणि फार चांगले आहे. ज्या आईने तार आली या शब्दालाच धसका घेतला होता, तिच्या नातसुनेला दर रविवारी नवऱ्याचा आवाज ऐकू येतो, यात हळहळण्यासारखे काही नाही. तार २०१३ साली बंद झाली, जुनी मनिऑर्डर २०१५ साली गेली आणि तिच्या कुपनावर लिहायच्या दोन ओळीही गेल्या. कालचक्र उलटे फिरवा असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण फोनवर बोललेले उरत नाही, हेही तितकेच खरे. आजोबांचे पत्र पन्नास वर्षांनी उघडता येते. आज लडाखहून किंवा सियाचीनहून आलेला फोन पन्नास मिनिटांनी हवेत विरतो. उद्या या घरात कुणी विचारले की बाबा सीमेवर होते तेव्हा त्यांना कशाची काळजी होती, तर दाखवायला काय असेल? म्हणून आज फौजेत असलेल्या आपल्या मुलांना एकच सांगणे आहे. रोज फोन करा. पण वर्षातून दोनदा तरी, दसऱ्याला आणि शिमग्याला, हाताने एक पत्र लिहा. 'मार्फत ५६ ए. पी. ओ.' हा पत्ता अजून चालतो. आणि ते मराठीत लिहा. चुका होऊ द्यात. आजोबांच्याही होत्या.

करायचे काय?

उपदेश करून लेख संपविणे सोपे असते, म्हणून करता येण्यासारख्या गोष्टी येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, पत्रे रद्दीला घालू नका आणि हौसेने प्लास्टिकमध्ये गच्च बंदही करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. ती कोरड्या जागी, सुती फडक्यात, सपाट ठेवावीत. घडीवर फाटत आलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पुढे कागदच खातो. मोबाईलने प्रत्येक पानाचा, पाकिटाचा आणि शिक्क्याचा फोटो काढावा. तारीख पत्रात नसली तरी शिक्क्यावर असते.

दुसरी, पत्रातली माणसे कोण हे आत्ताच लिहून ठेवा. 'दाजींस नमस्कार' म्हणजे कोणते दाजी, 'खालची पट्टी' म्हणजे कोणते शेत, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल. ही माणसे टिकणार नाहीत.

तिसरी, कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा अशा आपल्या गावांतून मराठी साहित्य संमेलने भरविण्याची परंपरा आहे. खेड्यापाड्यांनी स्वतःच्या खर्चाने उभी केलेली अशी संमेलने हा सीमाभागाचा खरा मान आहे. तिथे पाहुण्यांची भाषणे होतात, कविसंमेलन होते. त्यातले एक सत्र, फक्त एक तास, गावातल्या सैनिकांच्या पत्रवाचनाला द्यावे. वाचणार त्या घरातली नात किंवा नातू. संमेलनाच्या आधी महिनाभर ते पोर पत्र वाचण्याचा सराव करील, अडलेला शब्द आजीला विचारील. मराठी टिकविण्यासाठी याहून स्वस्त वर्ग दुसरा नाही. वाचनालयांनीही मोडी जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाला वर्षातून आठ दिवस बोलवावे आणि 'तुमच्या घरचा मोडी कागद घेऊन या' अशी दवंडी द्यावी. माजी सैनिक संघटनांनी मनावर घेतले तर गावोगावची यादी महिन्याभरात होईल.

यात एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. घरचे पत्र हे घरचे असते. त्यात कर्ज असते, भाऊबंदकी असते, कुणाच्या लग्नाची फिसकटलेली बोलणी असतात, आणि एखाद्या बाईला फक्त तिच्यासाठी लिहिलेले दोन शब्द असतात. युद्धाच्या काळात हे पत्र सेन्सॉरने वाचले, मास्तराने वाचले, भावकीने ऐकले. एकदाच फक्त जिच्यासाठी होते तिला विचारले गेले नाही. ती आजी आज हयात असेल तर ते पत्र सभेत वाचायचे किंवा नाही हे तिने ठरवावे, मुलाने किंवा गावच्या पुढाऱ्याने नव्हे. ती नको म्हणाली तर पत्र परत ट्रंकेत ठेवावे आणि फक्त जपावे. न वाचलेले पण जपलेले पत्रसुद्धा पुढच्या पिढीला वाचता येते. जाळलेले येत नाही.

१० जुलै १९४४ ला इटलीत यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ ला तिथेच नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. मराठा पलटणीच्या या दोन वीरांची नावे आपल्या मुलांना पाठ असावीत यात शंका नाही. पण त्याच डोंगरांत त्यांच्या शेजारी लढलेल्या, कोणतेही पदक न मिळालेल्या हजारो माणसांनी घरी विचारले की यंदा नाचणी किती झाली. पदक एखाद्याच्याच घरी येते, पत्र मात्र प्रत्येकाच्या घरी येत होते.

दिवाळीच्या आधी घरे झाडायला निघतात. माळ्यावरची ट्रंक खाली येते, वरचे कागद झटकून परत ठेवले जातात आणि खालचे बोळे करून चुलीत किंवा बंबात जातात. यंदा त्या खालच्या कागदांवर मुलांना बसवावे. अर्ध्या तासात काय ते कळेल. पत्र कुठून आले, कुणाला आले, आणि ते आपल्या घरात आज कुणाला वाचता येते.